एकच निरोप, दोन अर्थ

तास चालू असताना एखादा मुलगा करंगळी वर करतो. तोपर्यंत त्याच्या मूत्राशयात काय घडलेले असते?

मूत्र साठताना मूत्राशयाची भिंत सैल हवी आणि तोंड आवळलेले हवे. गंमत म्हणजे ही दोन्ही उलट कामे एकच रसायन करते. चेतातंतूंतून स्रवणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन भिंतीतील स्नायुपेशींच्या बीटा-३ ग्राहींना चिकटले की त्या पेशी सैलावतात. तेच रसायन तोंडाशी असलेल्या अल्फा-१ ग्राहींना चिकटले की तेथील स्नायू आवळतो. म्हणजे निरोप एकच. त्याचा अर्थ ग्राही ठरवतो.

लघवी करताना दुसऱ्या चेतातंतूंतून अ‍ॅसिटिलकोलीन येते. ते एम-३ ग्राहींना चिकटते, पेशींत कॅल्शियम वाढते आणि भिंत आकुंचन पावते. धोतऱ्याचे विष हेच ग्राही अडवते; म्हणून त्या विषबाधेत लघवी तुंबते. उलट, वारंवार लघवीची घाई होणाऱ्यांसाठी बीटा-३ ग्राहींना चेतवणारे मिराबेग्रॉन हे औषध आहे. जपानमध्ये त्याला २०११ साली मान्यता मिळाली.

या साऱ्यात आपल्या इच्छेने चालतो तो बाहेरचा एक स्नायू. करंगळी वर करणारा मुलगा तो आवळून बसलेला असतो. त्याला लगेच जाऊ द्यावे.