सुटलेली शाळा मोठेपणी पुन्हा धरता येते का? क्युबा ते मुरबाड, वेगवेगळ्या ठिकाणचा अनुभव काय सांगतो

बँकेच्या स्लिपवर अंगठा. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचायला शेजारचं पोरगं. रेशनच्या पावतीवर काय लिहिलंय, ते दुकानदार सांगेल तेच खरं. लहानपणी शाळा सुटली की त्याची किंमत माणूस अशी रोज मोजतो.

प्रौढांसाठी वर्ग निघतात, लोक नावंही घालतात, पण थोड्याच दिवसांत वर्ग ओस पडतो. मग "या वयात डोक्यात शिरत नाही" असं म्हणून विषय संपवला जातो. खरं तर आड येतात त्या गोष्टी साध्या असतात: मजुरीची वेळ, घरचं काम, लांबचा वर्ग, अधू नजर आणि लोक काय म्हणतील ही लाज. काही देशांनी आधी याच अडचणींना हात घातला.

क्युबा: शिक्षकच शेतकऱ्याच्या घरी

1961 मध्ये क्युबाने देशभर साक्षरतेची मोहीम काढली. सुमारे 1 लाख शाळकरी मुलं-मुली खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या घरी राहिली. दिवसा त्यांच्यासोबत शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवणं. ज्यांना अक्षर दिसत नव्हतं, त्यांना चष्मे दिले. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने देशाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं होतं. वर्षभरात 7 लाखांहून जास्त लोक लिहा-वाचायला शिकले.

ब्राझील: धडा रोजच्या कामातला

ब्राझीलमध्ये त्या काळी निरक्षर माणसाला मतदानाचा हक्कच नव्हता. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये आंगिकोस या गावात सुमारे 300 कष्टकऱ्यांना अवघ्या 40 तासांच्या वर्गांत लिहा-वाचायला शिकवलं. लहान मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या हाती द्यायचं नाही, ही त्यांची पद्धत. आधी लोकांच्या बोलण्यातले, कामातले शब्द गोळा करायचे. 'वीट' हा शब्द घेतला की वीट कोण पाडतो, घर कोणाचं होतं, यावर चर्चा व्हायची आणि त्यातूनच अक्षरं शिकवली जायची. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे यांना तुरुंगात टाकलं. गरीब माणूस वाचायला लागला की मतही मागणार, याची धास्ती सत्तेला होती.

स्वीडन आणि पोर्तुगाल: रजा आणि अनुभवाची किंमत

स्वीडनमध्ये 1968 पासून नगरपालिका प्रौढांसाठी मोफत शाळा चालवतात. शिकायला नोकरीतून रजा मिळण्याचा हक्क 1974 च्या कायद्याने दिला. शिकताना घर चालावं म्हणून सरकारी मदत आणि कर्जही मिळतं. पोर्तुगालमध्ये माणूस कामातून काय शिकला आहे, ते तपासून त्याला शालेय दर्जाचं प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आपल्याकडे काय आहे?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. वर्ग दुपारी, म्हणजे घरकाम उरकल्यावर. गुलाबी साडी हा सगळ्यांचा गणवेश. सगळ्या आज्या एकत्र निघाल्यावर लाज कोणाची वाटणार?

शाळा सुटलेल्यांना आज हे मार्ग खुले आहेत:

• उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम (2022 ते 2027): वय 15 च्या पुढच्या निरक्षरांसाठी, मोफत. स्वयंसेवक शिकवतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50, अशी 150 गुणांची चाचणी होते आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करावी.

• 17 नंबरचा फॉर्म: किमान पाचवी पास असलेल्यांना राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा.

• राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस): दहावी-बारावीचे विषय पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

योजना कागदावर आहेत; वर्ग टिकवणं मात्र गावाच्या हातात आहे. वर्गाची वेळ कोणी ठरवायची, हे आधी शिकणाऱ्या बायकांना आणि मजुरांना विचारा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली माणसं परत येतील, तेव्हा वर्ग पुन्हा भरवा. चष्म्याची गरज आहे का, ते पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या. आणि धड्याला सुरुवात करायला पुस्तकच हवं असं नाही. वीजबिल, सातबारा, एसटीची पाटी आणि बँकेची स्लिप प्रत्येक गावात आहेतच.