गुलाल उतरल्यावर

मैत्रिणींनो, निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या उमेदवाराचा गुलालाने माखलेला फोटो पेपरात येतो. हरलेल्याचीही दोन ओळींची प्रतिक्रिया येते. पण महिनाभर घरचं सगळं आवरून दारोदार पत्रकं आणि मतदारचिठ्ठ्या वाटणाऱ्या, सभेला बायका गोळा करणाऱ्या कार्यकर्तीला कुणी विचारतं का, की बाई गं, तुला काय वाटलं?

२०२४ साल अशा कितीतरी जणींची परीक्षा पाहून गेलं. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी घेतल्या. जूनमध्ये पेढे वाटणाऱ्या नोव्हेंबरमध्ये दार लावून बसल्या.

आमच्या गावातल्या एक ताई त्यांतल्याच. वीस वर्षं एकाच पक्षात. त्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपयांची. योजना सरकारची, ताई विरोधी पक्षाच्या. तरी वस्तीतल्या बायकांचे अर्ज त्यांनी भरून दिले, बँकेत आधार जोडायला त्यांच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. पक्षातलेच लोक म्हणाले, "समोरच्यांचं काम कशाला करता?" ताईंचं उत्तर एकच, "पैसे बाईला मिळणार आहेत ना?"

मतमोजणीत त्यांच्याच बूथवर समोरचा उमेदवार पुढे गेला. सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं, घरात लक्ष घाल." समोरच्या पक्षातून "आमच्याकडे या" असे निरोपही आले. चार दिवस ताई बाहेर पडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी वस्तीतली एक विधवा बाई दारात आली. निराधार योजनेच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्या वेळी बऱ्याच नगरपालिकांत प्रशासकच कारभार बघत होते, नगरसेवक नव्हतेच. मग जायचं कुणाकडे? ती सरळ म्हणाली, "ताई, मत मी तिकडं दिलं. खात्यात पैसे आले, खोटं कशाला बोलू?" ताईंनी पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर तहसील कचेरीत गेल्या.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना! पण तोंडावर गोड बोलणाऱ्या दहाजणींपेक्षा ही बरी. १५०० रुपयांत तिचा गॅस येतो, पोराच्या वह्या येतात. तिचा हिशेब मला कळतो. आमच्या पुढाऱ्यांना तो कळला नाही, म्हणून हरलो."

पक्षाच्या बैठकीत कुणी पैशावर खापर फोडत होतं, कुणी एकमेकांवर. ताई उठून म्हणाल्या, "बायकांच्या घरात काय चाललंय ते आपण विचारलं का? आणि तिकिटं वाटताना आम्हाला कधी विचारता का?" महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. पण विधानसभेचं तिकीट म्हटलं की वीस वर्षं राबलेली बाई पुन्हा सतरंज्या उचलायला! बैठकीत सगळे गप्प झाले म्हणे.

पराभव मोठमोठ्यांच्याही वाट्याला आला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. म्हणून त्यांचं काम थांबलं नाही. ताईंनीही पक्ष सोडला नाही, की वस्तीत जाणं सोडलं नाही. "माझ्या कामाचं मत मिळेलच असं नाही, पण काम थांबवलं तर पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने दारात जाऊ?" असं त्या म्हणतात.

मैत्रिणींनो, मत कुणाला द्यायचं हा तुमचा हक्क आहे. त्याबद्दल कुणाला उत्तर द्यायची गरज नाही. पण तुमच्या गल्लीतही अशी एखादी ताई असेल, कुठल्याही पक्षाची. निवडणूक हरल्यावर तिला टाळून पुढे जाऊ नका. घरात बोलवा, चहा द्या. उद्या रेशनकार्डाचं काम अडलं तर तिचंच दार वाजवायचं आहे.