दिवा हिरवा, वाट बंद

नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात चौथ्या क्रमांकावर पुणं होतं. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेल्या ‘एका’ या महासंगणकाचा मोजलेला वेग होता ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी आकडेमोडी. गणितज्ञ नरेंद्र करमरकर सुरुवातीच्या काळात या प्रकल्पाशी जोडलेले होते, त्यामुळे मराठी वाचकांना त्याचं कौतुक जरा जास्तच. पण ‘एका’ ज्या यंत्रांचा बनला होता ती यंत्रं खास त्याच्यासाठी घडवलेली नव्हती. ते एचपी कंपनीचे बीएल ४६०सी जातीचे ब्लेड सर्व्हर (एकाच पेटीत शेजारी शेजारी बसणारे सर्व्हर) होते, कोणत्याही बँकेला किंवा मोबाइल कंपनीला बाजारात मिळतील असे. त्याआधी २००४ मध्ये बार्सिलोनातल्या एका जुन्या प्रार्थनाघरात ‘मारेनोस्ट्रम’ उभा राहिला, तोही आयबीएमच्या ब्लेडवरच.

महासंगणकांना प्रसिद्धी मिळाली. ब्लेड सर्व्हरचा खरा संसार मात्र साध्या डेटा सेंटरमध्ये झाला, आणि तिथे काम करणाऱ्यांची सर्वाधिक रात्रपाळी ज्या भागाने खाल्ली तो भाग पेटीच्या पाठीमागे असतो: स्विच मॉड्यूल. त्याच्याबद्दल मराठीत माझ्या तरी फारसं काही वाचनात आलेलं नाही, म्हणून हा लेख.

ब्लेडची कल्पना बाजारात आणली टेक्ससच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने, २००१ मध्ये. सव्वापाच इंच उंचीच्या एका पेटीत तिने चोवीस सर्व्हर उभे बसवले. पुढच्याच वर्षी आयबीएमने ब्लेडसेंटर आणलं. सात युनिट उंचीच्या चेसिसमध्ये, म्हणजे पेटीत, चौदा ब्लेड, आणि बेचाळीस युनिटांच्या एका रॅकमध्ये सहा चेसिस, म्हणजे चौऱ्याऐंशी सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला नेटवर्कच्या दोन वाटा धरल्या तर एरवी १६८ केबल ओढाव्या लागल्या असत्या. इथे ब्लेड आणि स्विच यांच्यामध्ये मिडप्लेन नावाची एक उभी पाटी असते. पुढून ब्लेड तिच्यात घुसतं, मागून स्विच मॉड्यूल. दोघांमधली जोडणी त्या पाटीवरच्या तांब्याच्या रेषांतून होते, केबल लागतच नाही. बाहेर येतात ते फक्त प्रत्येक स्विचचे चार अपलिंक, म्हणजे वरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडण्या.

ही बचत खरी होती, पण तिची किंमतही होती. केबल असते तेव्हा ती दिसते, उपटता येते, तिच्या टोकाचा दिवा विझलेला दिसतो. मिडप्लेनवरच्या रेषेला ना टोक ना दिवा. शिवाय ज्या हद्दीवर पूर्वी दोन खाती एकमेकांना भेटत, ती हद्द आता लोखंडी पेटीच्या पोटात गेली. सर्व्हरवाले म्हणतात, स्विच नेटवर्कचा. नेटवर्कवाले म्हणतात, पेटी सर्व्हरची. माझ्या मते या मॉड्यूलच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ कुठल्या तांत्रिक गुंतागुंतीपेक्षा या हद्दीत आहे.

ब्लेडसेंटरसाठी सिस्कोने बनवलेलं गिगाबिट मॉड्यूल घेऊ, कारण अडचणी जवळून दाखवायला ते उत्तम आहे. त्याला वीस पोर्ट. पहिले चौदा आतल्या चौदा ब्लेडना जोडलेले, पंधरावा आणि सोळावा चेसिसच्या दोन मॅनेजमेंट मॉड्यूलना, आणि सतरा ते वीस बाहेरच्या जगासाठी. प्रत्येक ब्लेडच्या दोन नेटवर्क कार्डांपैकी पहिलं एक नंबरच्या खणातल्या स्विचला जातं, दुसरं दोन नंबरच्या. हे कारखान्यातच ठरलेलं असतं, बदलता येत नाही. स्विचचा मुळातला पत्ता १९२.१६८.७०.१२७. मॅनेजमेंट मॉड्यूलचा १२५ वर संपणारा. लॉगिन सर्वांना पाठ असलेलं: यूझरआयडी, आणि पासवर्ड या शब्दात ओच्या जागी शून्य.

सिस्कोच्या नेहमीच्या कॅटॅलिस्ट स्विचवर हात बसलेला माणूस इथे पहिल्यांदा येतो, पोर्ट सतराला केबल लावतो, कॉन्फिगमध्ये ‘नो शटडाऊन’ लिहितो आणि वाट बघतो. लिंक येत नाही. केबल बदलतो, पलीकडचा पोर्ट बदलतो, वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवून बघतो. तरीही नाही. कारण या पेटीत स्विचच्या वर आणखी एक धनी बसलेला आहे. मॅनेजमेंट मॉड्यूलच्या वेबपानावर, त्या खणाच्या प्रगत सेटिंगमध्ये, ‘एक्स्टर्नल पोर्ट्स’ नावाची एक ओळ आहे आणि ती मुळात बंद असते. ती चालू केल्याशिवाय बाहेरच्या चार पोर्टांतून काहीही जाणार नाही, स्विचचं कॉन्फिग कितीही निर्दोष असो.

त्याच पानावर आणखी दोन ओळी आहेत. पहिली विचारते की स्विचचं व्यवस्थापन बाहेरच्या पोर्टांवरून करू द्यायचं का. दुसरी विचारते की रीसेट झाल्यावर नवा आयपी पत्ता जपून ठेवायचा का. हिला ‘नाही’ असं उत्तर राहिलं तर स्विचमध्ये तुम्ही दिलेला पत्ता पुढच्या रीसेटला मॅनेजमेंट मॉड्यूल पुसून आपला लिहितं. महिनोन्‌महिने सुरळीत चाललेला स्विच वीज जाऊन आल्यावर पिंगला उत्तर देईनासा होतो, त्यामागे अनेकदा ही एक ओळ असते.

याच घराण्यातलं आणखी एक दुखणं फार फसवं आहे. ब्लेड आणि स्विचचं व्यवस्थापन एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या एकाच आभासी कप्प्यात) ठेवलं की ब्लेडवर ‘हा आयपी पत्ता नेटवर्कवर आधीच वापरात आहे’ असा संदेश येऊ लागतो. लोक दिवसभर तो दुसरा संगणक शोधतात. तसा संगणक नसतोच. स्विचच्या वतीने पत्त्यांच्या चौकशीला उत्तर देण्याचं काम मॅनेजमेंट मॉड्यूलकडे असतं, आणि एकाच व्हीलॅनमध्ये असल्यामुळे ते ब्लेडच्या चौकशीलाही उत्तर देऊन बसतं. उपाय साधा आहे. व्यवस्थापनाला स्वतःचा व्हीलॅन द्यायचा आणि त्यात ब्लेड घालायचं नाही.

आता लेखाच्या शीर्षकाकडे येतो. ब्लेडला दोन कार्डं, दोन स्विच, आणि सर्व्हरवर टीमिंग किंवा बाँडिंग केलेलं, म्हणजे दोन्ही कार्डं एकमेकांना पर्याय म्हणून बांधलेली. एक वाट गेली तर दुसरी आहेच, असं कागदावर लिहिलेलं असतं. समजा एक नंबरच्या स्विचचे चारही अपलिंक तुटले. ब्लेडला काय दिसतं? त्याची लिंक मिडप्लेनमधून स्विचपर्यंतच आहे, आणि स्विच तर जिवंत आहे. म्हणून लिंक चालूच दिसते आणि टीमिंग दुसऱ्या कार्डावर जातच नाही. घाटात दरड कोसळलेली असावी आणि खालच्या स्टँडवर गाडीत प्रवासी भरणं चालूच राहावं, तसं. सर्व्हर डेटा पाठवत राहतो, स्विच तो घेतो आणि पुढे वाट नसल्याने टाकून देतो. अशा वेळी दोन्ही खाती खरं बोलत असतात. सर्व्हरवाला म्हणतो, “सर, आमच्याकडून लिंक अप आहे.” नेटवर्कवाला म्हणतो, “आतले पोर्ट सगळे कनेक्टेड दिसताहेत.” आणि ग्राहकाचा व्यवहार मात्र अडकलेला असतो.

यावर निघालेला तोडगा मला या सगळ्या तंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. बाहेरची वाट तुटली की स्विचने आतले पोर्ट स्वतःहून बंद करायचे. धडधाकट लिंक मुद्दाम पाडायची, म्हणजे ब्लेडला बातमी कळते आणि ते दुसऱ्या कार्डावर जातं. सिस्को याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणते, ब्लेड नेटवर्क टेक्नॉलॉजीजच्या स्विचवर ते लेयर टू फेलओव्हर असतं, एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टमध्ये स्मार्टलिंक. नावं वेगळी, काम एकच. सिस्कोवर एक गट करायचा, अपलिंकला ‘अपस्ट्रीम’ म्हणायचं, ब्लेडच्या पोर्टांना ‘डाउनस्ट्रीम’, आणि मग तो गट ट्रॅक करायला सांगायचं. ही शेवटची ओळ विसरली तर पोर्टांची गटातली नोंद दिसते, पण गट काहीच करत नाही.

इथेही एक मेख आहे. दोन्ही मॉड्यूलचे अपलिंक वरच्या एकाच स्विचला लावलेले असतील आणि तो स्विच रीबूट झाला, तर दोन्ही गट एकाच वेळी आपापले आतले पोर्ट पाडतात आणि चौदाच्या चौदा ब्लेड आपसातही बोलू शकत नाहीत. म्हणून एक नंबरचं मॉड्यूल एका वरच्या स्विचला आणि दोन नंबरचं दुसऱ्याला, ही शिस्त आधी, ट्रॅकिंग नंतर.

दुसरं मोठं प्रकरण लूपचं. इथरनेटमध्ये दोन वाटांचं वर्तुळ झालं की सर्वांसाठीच्या हाका त्यात फिरत राहतात आणि काही क्षणांत नेटवर्क गुदमरतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना यावर स्पॅनिंग ट्री ही रीत शोधली. जास्तीची वाट शोधून ती तात्पुरती बंद ठेवायची, हे तिचं तत्त्व. तिची सावधगिरी ब्लेडला महाग पडते. पोर्ट उघडण्याआधी ती पंधरा सेकंद ऐकते, पंधरा सेकंद शिकते. ब्लेडला स्वतःचा सीडी ड्राइव्ह नसतो, चौदा जणांत मिळून एकच असतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा नेटवर्कवरून चढवतात. त्या तीस सेकंदांत ब्लेड पत्ता मागून मागून थकतं आणि ‘बूट करायला काही सापडलं नाही’ म्हणून थांबतं. आतल्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही थांबण्याची वेळ वगळणारी सेटिंग, लावलं की हे मिटतं. काही जण मात्र वैतागून स्पॅनिंग ट्रीच बंद करून टाकतात. हे कधीही करू नये.

का, ते बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटरने दाखवलं आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये या नामांकित रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत वाढवलेलं जाळं स्पॅनिंग ट्रीने गृहीत धरलेल्या सात टप्प्यांच्या पलीकडे गेलं होतं. एका संशोधकाच्या अवजड डेटाने ते ताणलं गेलं आणि जाळ्याला आपली बंद ठेवलेली वाट सांभाळता आली नाही. डॉक्टरांनी औषधं आणि तपासण्या कागदावर लिहिल्या. तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हालामका यांनी हे सगळं पुढे जाहीरपणे सांगितलं, आणि त्यासाठी त्यांचे आभार मानले पाहिजेत. तिथे कारण ब्लेडचं नव्हतं. पण चेसिस बसवताना आपण एका फटक्यात दोन नवे स्विच जाळ्यात घालतो, सहा चेसिसना बारा, आणि ते कुणी स्विच म्हणून मोजत नाही.

बाकीच्या नेहमीच्या चुका थोडक्यात. अपलिंकची जुडी करताना एका टोकाला ‘ऑन’ आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असं झालं की लूप किंवा एरर-डिसेबल्ड पोर्ट ठरलेला. दोन्हीकडे एलएसीपी ठेवावं, म्हणजे टोकं आधी एकमेकांना विचारून घेतात. ट्रंकचा, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकचा, नेटिव्ह व्हीलॅन दोन्ही बाजूंना एकच असावा. गोदामातून आणलेलं सुटं मॉड्यूल लावण्याआधी त्याचं व्हीटीपी (स्विचनी व्हीलॅनची यादी आपसात वाटून घेण्याची सोय) ट्रान्सपरंट करावं, नाहीतर त्याचा जुना पण मोठा रिव्हिजन क्रमांक चालू नेटवर्कवरचे व्हीलॅन पुसून टाकू शकतो.

दोष शोधताना दिव्यांवर विसंबू नये, मॅक पत्त्यांच्या तक्त्यावर विसंबावं. ब्लेडवरून कुणालाही पिंग सोडा. मॉड्यूलच्या तक्त्यात त्या ब्लेडचा पत्ता त्याच्या आतल्या पोर्टवर, योग्य व्हीलॅनमध्ये दिसतो का बघा. दिसत नसेल तर गडबड ब्लेडच्या कार्डात, टीमिंगमध्ये किंवा टॅगमध्ये आहे. दिसत असेल तर वरच्या स्विचवर जा आणि तोच पत्ता तिथे शोधा. तिथे नसेल तर अपलिंक किंवा ट्रंकवरची व्हीलॅनची यादी अडवते आहे. दोन पोर्टांमध्ये तो सारखा उड्या मारत असेल तर लूप आहे किंवा जुडी चुकली आहे. एवढं केलं की भांडण मिटतं, कारण डेटा कुठपर्यंत पोचला याचा पुरावा दोन्ही खात्यांसमोर एकाच वेळी असतो.

उत्पादकांनीही ही हद्द ओळखली होती. एचपीने २००७ मध्ये आणलेलं व्हर्च्युअल कनेक्ट वरच्या नेटवर्कला स्विच म्हणून दिसतच नाही, सर्व्हर म्हणून दिसतं, त्यामुळे स्पॅनिंग ट्रीचा प्रश्न उरत नाही. सिस्कोने २००९ मध्ये आपल्या यूसीएस या ब्लेड रचनेत चेसिसमधला स्विच काढूनच टाकला. आत राहिलं ते फक्त वरच्या स्विचचं लांबवलेलं टोक. आयबीएमने आपला इंटेल सर्व्हरचा व्यवसाय २०१४ मध्ये लेनोव्होला विकला. तरी बाहेरची वाट तुटल्याची बातमी आत कशी पोचवायची, हा प्रश्न प्रत्येक नव्या रचनेला सोडवावाच लागला.

तुमच्या कॉलेजात, बँकेत किंवा कारखान्यात अशी चेसिस चालू असेल, तर सुट्टीच्या एखाद्या दिवशी, आधी सर्वांना कळवून, एक नंबरच्या मॉड्यूलचे सगळे अपलिंक उपटून बघा. सर्व्हरवाला आणि नेटवर्कवाला दोघेही समोर उभे असू द्या. पिंग एक-दोनदा चुकून पुन्हा सुरू झाला तर तुमची दुसरी वाट खरोखर आहे. सुरू झाला नाही, तर ती फक्त कागदावर आहे, आणि ती दुरुस्त करायला त्या दिवसासारखा चांगला दिवस नाही.