लय कुठे हरवते?

बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन आपली तरंगलय लांबवर टिकवतात ते उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. या टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये, म्हणजे आतून वीज अडवणाऱ्या पण पृष्ठभागावरून वाहू देणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या गतीच्या दिशेशी जखडलेला असतो, म्हणून साध्या अशुद्धीवर आपटून इलेक्ट्रॉन थेट मागे फिरत नाही. मग लयही सुरक्षितच, असे कुणी म्हणेल. पण हे कवच मागे फिरण्यापुरतेच. इलेक्ट्रॉन एकमेकांशी किंवा स्फटिकाच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करतात तिथे लय मोडते. पुरावा मोजता येतो: शून्य चुंबकीय क्षेत्रापाशी वाहकतेला येणारे टोकदार शिखर तापमान वाढताच बोथट होते. दोष अशुद्धीवर ढकलावा, तर ती काही तापमानासोबत वाढत नाही. कवचाला अंतराचीही मर्यादा आहे: २००७ मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या गटाला मर्क्युरी टेल्युराइड या दुसऱ्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या १ मायक्रॉनच्या नमुन्यात अपेक्षित वाहकता मिळाली. २० मायक्रॉनला ती बरीच घसरली.