जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी: लिनक्स बसवताना गाडी कुठे अडते?

हिरकणीवाडीपासून महाड-पोलादपूरपर्यंत आपल्या बऱ्याच घरांत लॅपटॉप एकच असतो. अब्बांनी किंवा मामूंनी आखातातून सुट्टीवर येताना आणलेला. त्याच्यावरच मुलांचा अभ्यास, त्याच्यावरच पासपोर्ट-व्हिसाचे स्कॅन, निकाहनामा, सातबारा, बँकेचे कागद. हाच लॅपटॉप आता अडचणीत आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. नोंदणी केली तर वर्षभराची मुदत वाढते, पण ती शेवटी मुदतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "द्या इकडे, नवीन विंडोज टाकून देतो." हे विंडोज बऱ्याचदा चोरीचं असतं. ते चालू करायला एक 'ॲक्टिव्हेटर' चालवावा लागतो, आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घरात अनोळखी माणूस घ्यायचा म्हणून आधी कुत्रा बांधून ठेवायचा! ज्या मशिनमध्ये कुटुंबाचे पासपोर्ट आहेत, त्यात हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा रस्ता लिनक्सचा. फुकट, कायदेशीर आणि जुन्या मशिनवर हलका. नवख्यांना आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. ४ जीबी रॅम असेल तर त्याची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती बरी चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण आधीच सांगतो, घरात टॅलीवर हिशेब किंवा इनपेजवर उर्दूचं काम चालत असेल तर विंडोज पूर्ण काढू नका. ही सॉफ्टवेअरं लिनक्सवर सरळ चालत नाहीत.

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. डोंगराच्या कुशीत नेटवर्क रुसलं तर महाडला जाऊन उतरवून आणावी, पण अधिकृत वेबसाइटवरूनच. आणि उतरवल्यावर तिचा ठसा तपासावा. ठसा म्हणजे फाइलवरून गणित करून काढलेली अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. एक बाइट बदलला तरी ती ओळ बदलते. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या वेबसाइटमध्ये हॅकर घुसले आणि त्यांनी डाउनलोडची लिंक चोरवाट ठेवलेल्या फाइलकडे वळवली. खऱ्या ठशाशी ताडून पाहिलं की अशी बदललेली फाइल ओळखता येते.

फाइल रुफसने पेनड्राइव्हवर चढवा. मशीन चालू होताना एफ १२ (एचपीवर बहुधा एफ ९) दाबून पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं पाहून घ्या. बसवताना 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय समोर येतो, तो खरोखर सगळं पुसतो. फोटो आणि कागद आधी बाहेर काढलेले हवेत. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बायोसमधल्या सेटिंगला हात लावल्यावर मशीन ती मागू शकतं.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते वायफायवर. काही जुन्या डेल-एचपी लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. ड्रायव्हर घालायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! यातून सोडवतो आपला मोबाइल. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. फोनचं नेट लगेच लॅपटॉपवर येतं. मग मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की चिप ओळखून ड्रायव्हर सुचवतो.

दुसरी अडचण विचित्र वाटते. लिनक्स बसलं, नेट आलं, पण एकही वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. अपडेटही होत नाही. लोक म्हणतात व्हायरस आला. कोपऱ्यातली तारीख बघा, ती कदाचित २०१५ ची असेल. मदरबोर्डवर घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल असतो. मशीन पावसाळाभर बंद पडून राहिलं आणि सेल संपला की तारीख मागे जाते. वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं, म्हणून चुकीच्या तारखेला ब्राउझर ते नाकारतो. हाताने तारीख लावली की सगळं सुरळीत. पुढे सेल बदलून घ्या, जास्तीत जास्त डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ नंबरचा लागतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो.

घड्याळाचाच अजून एक भाऊ आहे. विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवले की विंडोजमधली वेळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. नेट असेल तर वेळ नंतर जुळवता येते. पण नेट नसताना त्या घड्याळावर नमाजची वेळ पाहणाऱ्याची पंचाईतच! लिनक्सला 'स्थानिक वेळ ठेव' अशी सेटिंग एकदा करून दिली की भांडण मिटतं.

मराठी आणि उर्दू, दोन्ही लिहिता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि उर्दू फोनेटिक जोडायचे. उर्दू सुरुवातीला अरबी वळणाची, नस्ख दिसते. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फुकट फॉन्ट घातला की ओळखीची नस्तालीक येते. जुन्या श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिका मात्र युनिकोड नसल्यामुळे भलतीच अक्षरं दाखवतात. त्या आधी कन्व्हर्टरने बदलून घ्याव्यात.

आता सुरक्षा. लिनक्सवर व्हायरसचा त्रास कमी, हे खरं. पण इथे धोका बहुतेक वेळा आपल्याच हाताने येतो. काही अडलं की मुलं इंटरनेटवरची कमांड उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतात. कमांडच्या आधी 'सुडो' असेल तर ती पूर्ण मशिनची मालकी घेऊन चालते. मुलांना एकच सवय लावा: प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता आला तरच एंटर. 'परवानगी नाही' असं मशिनने म्हटलं की '७७७' देऊन सगळ्यांना सगळं मोकळं करायचं, हाही असाच चुकीचा उपाय. सॉफ्टवेअर मिंटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावं.

कोडिंग शिकणाऱ्या मुलामुलींना तर पहिल्याच आठवड्यात भिंत लागते. पायथनची एखादी लायब्ररी घालायला 'पिप' चालवलं की 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाची इंग्रजी एरर येते. मशीन बिघडलेलं नसतं. मिंटची स्वतःची बरीच हत्यारं त्याच पायथनवर चालतात, म्हणून ते आपल्याला त्यात ढवळाढवळ करू देत नाही. जबरदस्तीचा पर्याय वापरू नका, आणि 'जुनं पायथन काढून टाकतो' असं तर अजिबात नको, डेस्कटॉपच उडू शकतो. प्रत्येक प्रोजेक्टसाठी 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' बनवायचं, म्हणजे वेगळा फोल्डर आणि त्याच्या वेगळ्या लायब्ररी. बिघडला तर तेवढा फोल्डर पुसायचा. आणि गिटहबवर कोड चढवताना त्यात पासवर्ड राहिला नाही ना, हे बघायचं. नंतर पुसला तरी तो जुन्या नोंदींत शिल्लक राहतो.

बॅकअपबद्दल महाडकरांना वेगळं काय सांगायचं? २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कागद आणि कॉम्प्युटर एकत्रच भिजले. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आहे, पण ते मुळात सिस्टिम परत आणण्यासाठी आहे; तुमचे फोटो आणि कागद ते आपसूक जपत नाही. त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा, तीही पासवर्ड लावून.

शिकवायला कुणी नाही, असं पालक म्हणतात. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे-छोटे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत, आणि फुकट आहेत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच स्वतः करून बघायचं, अशी त्यांची पद्धत. डाउनलोड करून ठेवले तर नेटशिवायही चालतात. महाडला मिंटची फाइल उतरवायला जाल तेव्हा हे व्हिडिओही त्याच फेरीत घेऊन या.