काळी बुरशी काळी नसते

नाव आणि वस्तू यांच्या नात्याविषयी आपण मागच्या खेपेला बोललो. आज तोच धागा एका रोगापर्यंत नेऊ. 2021 चा मे महिना आठवा. कोविडची दुसरी लाट चालू होती आणि इथे विश्रांतवाडीतही ‘काळी बुरशी’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. केंद्राने राज्यांना हा रोग 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. (तो प्लेगच्या वेळचा कायदा. पुणेकरांना त्याची ओळख करून द्यायला नको.)

म्युकरमायकोसिस हे त्याचं वैद्यकीय नाव. ह्या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात, हवेत, सगळीकडे असतात. आपण ते श्वासातून आत घेतो आणि बहुधा काही होत नाही. पण साखर फार वाढलेली, त्यात स्टिरॉइड चाललेलं, अशा शरीरात ती नाकात, सायनसमध्ये रुजते. तिथून रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त गोठतं, पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो, तो मरतो आणि काळा पडतो. म्हणजे बघा, काळी आहे ती बुरशी नव्हे, तिने मारलेलं मांस! नावाने परिणामालाच कारण करून टाकलं.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. काळं दिसायची वाट बघणारा रोगी उशिरा पोचतो. आधीच्या खुणा अगदी साध्या असतात: एकाच बाजूचं नाक चोंदणं, गाल दुखणं किंवा बधिर होणं, डोळ्याखाली सूज, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं. मधुमेह असलेल्याने यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. ते दुर्बिणीने नाक तपासतात, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फितीसारखे रुंद, काटकोनात फुटलेले तंतू दिसले की उपचार लगेच सुरू होतात. रोग डोळ्याकडे, मेंदूकडे किती सरकला, ते एमआरआय सांगतो.

‘अँफोटेरिसिनचं इंजेक्शन आहे ना, मग शस्त्रक्रिया कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्तच आहे. पण औषध रक्तातून जातं आणि इथे रक्ताचीच वाट बंद! मेलेला भाग काढावाच लागतो. कधी वरचा जबडा, कधी डोळासुद्धा. औषधाचा भार मूत्रपिंडावर पडतो, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासतात. आणि साखर उतरवणं? तेही शस्त्रक्रियेइतकंच तातडीचं, त्याच दिवसापासून.