आम्ल, आम्लारी आणि हळदीचा कागद

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागताच तो डाग तांबडा होतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मुका मार लागल्यावर घरात हळद-चुन्याचा लेप करतात, तेव्हाही पिवळी हळद वाटीतल्या वाटीत लाल होते. आम्ल व आम्लारी या पाठाचा आरंभ करण्यास याहून सोयीचे स्थान नाही. त्यासाठी कपाटभर बाटल्यांची आवश्यकता नसते.

लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक व ताकात लॅक्टिक आम्ल असते. हरभऱ्याच्या शेतात पहाटे दवाने भिजलेल्या झाडांवर फडके पसरून जी आंब गोळा करतात, तिच्यात मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. याउलट चुन्याची निवळी, राखेचे पाणी, साबण व धुण्याचा सोडा हे पदार्थ आम्लारिधर्मी होत. आम्ल आंबट असते आणि आम्लारी तुरट-कडवट व बुळबुळीत असते, असे पुस्तकात लिहिलेले असले तरी ही परीक्षा जिभेने करावयाची नाही, हे पहिल्याच तासाला सांगून टाकावे. ज्या आंबटपणाला लिंबात आपण भुलतो, तोच गुण विजेरीतील सल्फ्युरिक आम्लात असतो, आणि ते आम्ल जीभ व घसा जाळून टाकते. म्हणून जिभेऐवजी रंगाची साक्ष काढतात. रंग बदलून उत्तर देणाऱ्या अशा पदार्थास ‘दर्शक’ म्हणतात. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने 1664 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जांभळ्या फुलांचा अर्क आम्लाने तांबडा व आम्लारीने हिरवा होतो असे नोंदविले होते. आजचा लिटमस कागद याच जातीचा.

हळदीचा कागद करणे सोपे आहे. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टीपकागदावर लावावी, तो सावलीत वाळवावा व त्याच्या बोटभर पट्ट्या कापाव्यात. पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब पडला की ती तांबूस-लाल होते. लिंबाचा रस टाकला तर ती पिवळीच राहते. येथेच पुष्कळ वर्गांत एक चूक शिरते: ‘हळद पिवळी राहिली, म्हणजे पदार्थ आम्ल आहे,’ असे फळ्यावर लिहिले जाते. परंतु मिठाच्या पाण्यानेही हळद पिवळीच राहते, साखरेच्या पाण्यानेही राहते. आणि या दोन्हींत आम्ल नाही. हळदीला फक्त आम्लारी ओळखता येते. ती गप्प राहिली तर पदार्थ आम्ल असेल किंवा उदासीन असेल, एवढेच म्हणता येते. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळल्यास ती पुन्हा पिवळी होते खरी. पण कपड्यावरचा लाल डाग नुसत्या पाण्यात खळबळूनही पिवळा होतो, कारण साबण निघून जातो. तेव्हा ही उलट परीक्षाही निर्णायक मानू नये.

दुसरा साक्षीदार जास्वंदीचा आहे. लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरगाळून गाळल्या की जांभळट पाणी मिळते. लिंबाने ते गडद गुलाबी होते, चुन्याच्या निवळीने हिरवे होते, आणि मिठाच्या पाण्याने त्याचा रंग बदलत नाही. अशी तिन्ही उत्तरे एकाच फुलातून मिळतात. हे पाणी टिकत नाही. ते त्या दिवशीच करावे.

हिरव्या झालेल्या पाण्यात लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाकत गेल्यास हिरवा रंग जातो, मूळचा जांभळट येतो आणि पुढे गुलाबी होतो. मधल्या क्षणी आम्ल व आम्लारी यांनी एकमेकांचा गुण नाहीसा केलेला असतो. हेच उदासिनीकरण. स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या उपपत्तीनुसार आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते. दोहोंच्या संयोगाने पाणी होते व उरलेल्या भागांचा क्षार बनतो. (पुस्तकातील ‘क्षार’ आणि स्वयंपाकघरातील ‘खार’ यांची गल्लत होऊ देऊ नये. पापडखार हा रचनेने क्षार असला तरी त्याचे पाणी आम्लारिधर्मी असते. हळदीवर टाकून ते पाहता येईल.) आम्लतेचे मान सांगण्यासाठी सॉरेन्सन याने 1909 मध्ये सामूची पट्टी योजली. उदासीन पाण्याचा सामू 7, लिंबाच्या रसाचा सुमारे 2 व चुन्याच्या निवळीचा सुमारे 12 असतो. एका अंकाचा फरक दहापटीचा असतो, हे मात्र मुलांना आवर्जून सांगावे.

उदासिनीकरण शिकलेल्या हुशार मुलाच्या मनात एक तर्क हमखास येतो: डोळ्यात चुना गेला तर लिंबू पिळावे, अंगावर आम्ल सांडले तर सोडा चोळावा. हा तर्क घातक आहे. उदासिनीकरणात उष्णता निघते, नेमके प्रमाण कोणाला साधत नाही, आणि लिंबाचे आम्ल स्वतःच डोळ्याला इजा करते. चुन्याचा प्रश्न खेड्यात कल्पनेतला नव्हे. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांचे डोळे जायबंदी झाले आहेत. अशा वेळी डोळा चोळू देऊ नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे सोडावी, पापणीखाली अडकलेले कण पाण्यानेच निघू द्यावेत, व लागलीच दवाखान्यात न्यावे. कोरडी चुनकळी अंगावर पडली असेल तर ती आधी झटकावी आणि मग भरपूर पाणी ओतावे. थोडे पाणी तिच्याशी मिळून अधिकच तापते.